साक्षीदाराला काही देता येत नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, पूर्वीचा व्यवसाय लिफ्टचालक, सध्या निवृत्तिवेतनधारक, राहणार या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील जिन्यालगतची खोली, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती चांगली आहे, नको तितकी चांगली आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली, भिडेखातर किंवा नशेत करत नाही. दबाव आणायला घरात दुसरं कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

यातली कायद्याची वाक्यं वकीलबाईंची आहेत, बाकीची माझी. त्या म्हणाल्या, "मावशी, एवढं सगळं लिहायची गरज नसते. कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा." मी म्हटलं, कोणाला काय ते एका पानात संपेल, पण का, हे माझ्यामागे कोण सांगणार? त्या वयाने लहान आहेत, ऐकून घेतात.

कलम पहिले. माझी राहती खोली, ओट्यासह आणि मोरीसह, माझ्या भाचीला मिळावी. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची, एकुलती मुलगी. ती लांब राहते, नोकरी करते, दोन-तीन महिन्यांनी फोन करते आणि सकाळचे नऊ वाजलेले असले तरी आधी "आत्या, जेवलीस का?" असं विचारते. तिने खोलीत राहावं, भाड्याने द्यावी किंवा विकावी, तिची मर्जी. विकली तर घेणाऱ्याला एवढं सांगावं की खिडकी उत्तरेला असल्यामुळे थेट ऊन येत नाही, पण दुपारी चारच्या सुमाराला समोरच्या इमारतीच्या काचांवरून ते उलटून आत येतं आणि मोरीच्या भिंतीवर दहा-बारा मिनिटं थांबतं. किमतीत ते धरलेलं नसतं. खोली तिने दादाच्या नावावर मात्र करू नये. कारण कलम चौथ्यात आहे.

कलम दुसरे. बँकेतील ठेव, माझ्या आजारपणाचा व अखेरचा खर्च वजा जाता, दुकानांतून दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेला द्यावी. त्यांची कचेरी बाजारात, चपलांच्या दुकानाच्या वर आहे. मी त्यांची सभासद नाही. एकदा त्यांच्या सभेत मागच्या रांगेत बसून आले, तेव्हा सगळ्यांनी चपला काढून पाय पुढे पसरले होते, आणि मला इतकं घरच्यासारखं दुसरीकडे कुठे वाटलेलं नाही.

कलम तिसरे. पितळी दांडा एक, वजनाला दीड किलोच्या आसपास. हा जुन्या लिफ्टचा आहे. त्या लिफ्टला बटणं नव्हती. दांडा उजवीकडे ढकलला की लिफ्ट वर, डावीकडे की खाली, मधोमध आणला की थांबायची. मधोमध कधी आणायचा ते हाताला कळावं लागतं. जरा आधी आणला तर लिफ्ट मजल्याच्या खाली राहते, उशीर झाला तर वर, आणि बाहेर पडणारा ठेचकाळतो. पहिल्या वर्षी मी रोज दोघा-तिघांना ठेच लावली. मग जमलं. छत्तीस वर्षांत लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी हजारो वेळा एका रेषेत आली आणि कोणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं नाही म्हणजेच बरोबर थांबली. तो आनंद माझ्या एकटीचा होता आणि तो मी दर वेळी घेतला.

माणसं बोलत बोलत आत यायची आणि बोलत बोलत बाहेर जायची. माझ्या वाट्याला मधला तुकडा. "मग तिने सरळ किल्लीच फेकली," असं एकजण म्हणाला आणि तिसरा मजला आला. किल्ली कोणाची, फेकली कुठे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. अशा तुकड्यांना घरी जाऊन मी शेवट जोडायचे. आईला ऐकवायला गेले की ती म्हणायची, "लोकांच्या गोष्टी तुला कशाला हव्यात?"

मी निवृत्त झाले त्याच महिन्यात जुनी लिफ्ट काढून बटणांची बसवली. लिफ्टच्या मिस्त्रीने दांडा उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "भंगारात जाईल, त्यापेक्षा तुम्ही न्या," म्हणाला. तो दांडा त्यालाच परत मिळावा. तो नसल्यास भंगारात गेला तरी हरकत नाही. त्याने तेव्हा आठवण ठेवली, मला तेवढं पुरे.

कलम चौथे. वडिलांचा दाढीचा आरसा दादाला मिळावा.

वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि दादा पंचवीसचा, शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला. एकाने कमवायचं आणि एकाने शिकायचं असं आईने ठरवलं. कोणी काय करायचं, हे विचारण्याची तिला गरज वाटली नाही. मी लिफ्टमध्ये उभी राहिले. माझ्यासाठी स्थळं यायची तेव्हा दादा म्हणायचा, "घाई काय आहे, पुढच्या वर्षी बघू." पुढची वर्षं येत राहिली. दादाचं शिक्षण झालं, नोकरी लागली, वहिनी आली, वेगळं घर झालं. आई माझ्याकडे राहिली. तिच्या आजारपणात दादाने या खोलीच्या अर्ध्या हिश्शाचं बोलणं काढलं. खोली माझ्या नावावर असल्याचे कागद मी दाखवले, तेव्हा त्याने विषय सोडला. तेही मी गिळलं.

भाचीला नोकरी लागली म्हणून दादाने घरी जेवण ठेवलं होतं. तिच्या कचेरीतले लोक आले होते. वहिनीने त्यांना माझी ओळख करून दिली, "या माझ्या नणंदबाई, मोठ्या कचेरीत सुपरवायझर होत्या." मी म्हटलं, "मी लिफ्ट चालवत होते." हसूनच म्हटलं. वहिनी गोरीमोरी झाली. जेवणं झाल्यावर दादा मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तू शिकलास ते लिफ्टवर शिकलास, दादा."

"ऐकवलंसच शेवटी," तो म्हणाला आणि आत गेला. त्याला नऊ वर्षं झाली. आमचं बोलणं नाही.

त्याला माफ केलं असं लिहा, बरं दिसतं, असं वकीलबाईंचं म्हणणं. तसं झालेलं नाही. पण राग धरून ठेवायलाही हातात जोर लागतो आणि तो आता तितका राहिला नाही. खरं आहे ते एवढंच, म्हणून एवढंच लिहिते. आरसा द्यायचं कारण असं की दादाचा चेहरा आता वडिलांसारखा झाला असणार. त्यात बघेल तेव्हा दोघं दिसतील.

कलम पाचवे. लाकडी स्टूल एक, तीन पायांचे. हे मी एका व्यक्तीच्या नावे लिहिले होते आणि नंतर खोडले. खाडाखोड माझ्याच हातची आहे. तिचं कारण सांगणं भाग आहे.

पहिली एकवीस वर्षं मी उभी होते. लिफ्टमध्ये बसायला जागा होती, परवानगी नव्हती. बसलेली बाई बरी दिसत नाही असं साहेबांना वाटायचं. मी त्रेचाळीस वर्षांची असताना एका सकाळी लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे अडकली. आत दोघंच होतो, मी आणि सहाव्या मजल्यावर इमारतींचे नकाशे काढणारे एक गृहस्थ. लिफ्टमध्ये माणसाला नाव नसतं, मजला असतो. मनातल्या मनात मी त्यांना नकाशेवाले म्हणायचे. मिस्त्रीला यायला तासभर लागणार होता.

"घाबरलात का?" मी विचारलं. ते विचारणं माझं कामच होतं.

"नाही. पण तुम्ही बसत का नाही?"

"परवानगी नाही."

"आता इथे कोण बघतंय?" असं म्हणून त्यांनी काखेतला गुंडाळलेला नकाशा उलगडून फरशीवर पसरला. "बसा. चुकलेलाच आहे."

आम्ही त्या नकाशावर बसलो. त्यांनी विचारलं, दिवसभर या पेटीत तुम्हाला दिसतं तरी काय? असं मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. दहाला दहा मिनिटं कमी असताना तिसऱ्या मजल्याच्या जाळीतून उन्हाची एक पट्टी आत येते आणि उतारूंच्या अंगावरून खाली घसरत जाते. चौथ्यावर छापखान्याच्या शाईचा वास येतो, सोमवारी जास्त. दुसऱ्यावरचे हेडक्लार्क एकटे असले की शीळ घालतात आणि मी दार सरकवलं की खोकल्यासारखं करतात.

"मी सात वर्षं या लिफ्टने येतोय," ते म्हणाले. "मला यातलं काही दिसलं नाही."

"तुम्ही मजल्याचा काटा बघत उभे असता," मी म्हटलं.

नंतरच्या आठवड्यात त्यांनी माझ्या वतीने साहेबांना अर्ज केला. सोबत लिफ्टचा नकाशा होता, त्यात कोपऱ्यात स्टूल काढलेलं, मापं घातलेली, चार माणसं उभी राहूनही जागा कशी उरते ते दाखवलेलं. स्टूल मंजूर झालं. "शब्दांना नाही म्हणता येतं," ते मला म्हणाले, "मापांना म्हणता येत नाही."

आणि त्यानंतर रोज सकाळी लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं की विचारायचे, "आज काय दिसलं?"

तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत, मधे कोणी चढलं-उतरलं नाही तर, एक गोष्ट सांगून होते. बसमध्ये एक बाई झोपेत शेजारणीच्या खांद्यावर कलंडली, आणि शेजारणीचा स्टॉप आला तरी ती उठली नाही, दोन स्टॉप पुढे गेली. बटणांच्या डब्यात हवं ते चौथं बटण सापडलं. धोब्याने दुसऱ्याचा रुमाल दिला आणि तो आपल्यापेक्षा चांगला निघाला. लिफ्टमध्ये इतर माणसं असली की ते नुसत्या भुवया उंचवायचे. मग दुसऱ्या दिवशी कालची एक आणि आजची एक. बघत मी आधीपासूनच होते. पण आता बघितलेलं नेऊन पोचवायला एक ठिकाण झालं होतं. संध्याकाळी बसमधून घरी जाताना माझं दुसऱ्या दिवसाचं काम सुरू झालेलं असायचं.

हे सात वर्षं चाललं. मग त्यांची दुसऱ्या इमारतीत बदली झाली. शेवटच्या दिवशी वर जाताना ते म्हणाले, "नदीवर चालत जाणाऱ्यांसाठी पूल झालाय. त्याचे जिने मी काढलेत. रविवारी बघायला येता का?"

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. साऱ्या इमारतीला ते ठाऊक होतं, विचारण्यात गैर काही नव्हतं. मी म्हटलं, "आईला एकटं ठेवता येत नाही."

हे अर्धंच खरं होतं. शेजारीण बसली असती दोन तास. भीती मला वेगळीच वाटली. तो अडकलेला तास सोडला तर सात वर्षांत आम्ही एका वेळी मिनिटभराच्या वर बोललो नव्हतो. पुलावर गेलो आणि बोलायला काही सुचलंच नाही, तर सोमवारपासून माझ्याजवळ या मिनिटांची आठवणही धड राहणार नाही. लिफ्ट सहाव्यावर आली. माझा हात चुकला. फरशी चार बोटं खाली राहिली. ते पाय उचलून बाहेर पडले.

तीन आठवड्यांनी मी एकटी जाऊन पूल बघून आले. जिने चढायला सोपे आहेत. दम लागलेल्या माणसाला टेकता यावं म्हणून दर दहा पायऱ्यांनंतर एक रुंद पायरी केलेली आहे. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं.

सदर स्टूल आता भाचीला मिळावे. ते का खोडलं, ते पुढच्या कलमात.

कलम सहावे. रेडिओ एक, जुना, आवाज स्वच्छ, जिन्यापलीकडच्या खोलीत नव्याने राहायला आलेल्या मुलीला मिळावा. ती एकटी राहते. भिंतीतून मला तिचं कपाट उघडल्याचं ऐकू येतं, म्हणजे तिला माझाही रेडिओ ऐकू येत असणार. एकदम बंद पडला तर तिला चुकल्यासारखं होईल.

एकटेपणाबद्दल मी तक्रार लिहीत नाही, नोंद करते. आई गेली, नोकरी संपली, आणि कधी कधी दोन-दोन दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मग मी तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन गरज नसताना खोकल्याच्या गोळ्या घेते. औषधवाले समजून आहेत. ते म्हणतात, "आज गारठा आहे." मी म्हणते, "आहे." दिसायचं मात्र थांबलेलं नाही. कुकरची शिट्टी आणि समोरच्या शाळेची घंटा एकाच क्षणी वाजते. दोरीवरचा शर्ट वाऱ्याने फुगतो आणि क्षणभर त्यात कोणीतरी असल्यासारखं वाटतं. एकटीने हसायलाही येतं. पण न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी शिळी होते, आणि टाकवतही नाही.

चार महिन्यांपूर्वी मी बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत होते. पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे स्वतः जाऊन दाखवावं लागतं. पुढचे गृहस्थ काठी टेकत मागे वळले. केस गेले होते, पण भुवया त्याच होत्या.

"आज काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

कशा आहात नाही, ओळखलंत का नाही. एकोणीस वर्षांचं सगळं एकदम सांगायचं होतं आणि मी म्हटलं, "काही नाही."

त्यांनी मान हलवली. खिडकीपलीकडच्या बाईने त्यांना हाक मारली, त्यांचं जिवंत असणं नोंदवलं, मग माझं नोंदवलं. निघताना त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर फोन नंबर लिहून दिला, त्याच सुबक अक्षरात. तो मी जपून ठेवला आणि तीन महिने स्वतःवर चिडत राहिले. फोन करून म्हणायचं काय, ते सुचेना.

मग आमच्या मजल्यावरच्या एक बाई वारल्या आणि त्यांच्या भांड्यांवरून नातेवाईक जिन्यात भांडले. ते बघून मी औषधवाल्यांच्या ओळखीने या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं, दोन साक्षीदार लागतील. "एक औषधवाले झाले. दुसरं कोण आहे तुमचं?"

मी म्हटलं, "आहे एकजण." हे वाक्य मी कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी फोन केला. "मला एक साक्षीदार हवा आहे," मी म्हटलं.

"केलंत काय असं?"

"मृत्युपत्र करतेय."

ते म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. तशी असावी लागते, नाहीतर करता येत नाही."

"येतो. कितवा मजला?"

"चौथा. लिफ्ट नाही."

ते बराच वेळ हसत होते.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी माझा कच्चा मसुदा वाचला आणि कलम पाचव्यावर बोट ठेवलं. "हे तुमचे साक्षीदार ना? मग यांना स्टूल देता येत नाही. साक्षीदाराच्या नावे काही लिहिलं तर ते त्याला मिळत नाही, असा कायदा आहे. साक्षीदार बदला, नाहीतर स्टूल दुसऱ्या कोणाला द्या."

मी दोन दिवस विचार केला. स्टूल त्यांना मिळणार ते मी गेल्यावर. साक्षीला ते येणार ते मी असताना. मी स्टूल खोडलं.

कलम सातवे. माझे डोळे काढून घ्यावेत. चांगले आहेत, भरपूर वापरलेले आहेत. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तिथे पोचवताना वरच्या मजल्यावर न्यायचा असेल तर लिफ्टने न्यावा.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांनी फी घ्यावी, भीड ठेवू नये.

इथपर्यंतचं मी गेल्या आठवड्यात लिहिलं. यापुढचं आज लिहिते आहे, सगळे समोर बसलेले असताना.

साडेदहाची वेळ ठरली होती. वकीलबाई आणि औषधवाले वेळेवर आले. पावणेअकराला जिन्यात काठीचा आवाज सुरू झाला. प्रत्येक मजल्यावर तो थांबत होता. मी दारात जाऊन उभी राहिले. मदतीला खाली जावं असं वाटत होतं, पण चढणाऱ्याला कोणी बघत असलं की पायऱ्या वाढतात, म्हणून गेले नाही. ते वर आले, कठड्याला टेकले, दम खाल्ला आणि म्हणाले, "हे जिने कोणी काढलेत त्याला भेटायचंय मला."

साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, सही होताना बघितलं की पुरे, असं वकीलबाईंनी सांगितलं. मी म्हटलं, वाचू द्या त्यांना.

ते खिडकीजवळ बसून सावकाश वाचू लागले. औषधवाल्यांना दुकान उघडायचं होतं, तरी ते बसून राहिले. मी ओटा पुसला, मग पुन्हा पुसला. माझ्या अंदाजाने ते पाचव्या कलमावर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चार बोटं नव्हती," ते पानावरून नजर न काढता म्हणाले. "दोनच होती."

"चार होती," मी म्हटलं. "माझं काम होतं ते."

"पाय माझा होता."

ते पुढे वाचत राहिले. शेवटच्या पानावर येऊन त्यांनी मान वर केली आणि खोलीभर बघितलं, नकाशासाठी माप घेत असल्यासारखं.

"यात छत्री नाही," ते म्हणाले. "भांडी नाहीत. कपाट नाही, भिंतीवरचं घड्याळ नाही."

"किरकोळ वस्तूंचं नंतर पुरवणी जोडून करता येईल," वकीलबाई म्हणाल्या.

"त्या पुरवणीला पुन्हा साक्षीदार लागतात?"

"लागतात ना. दोन, समक्ष."

"आणि सगळ्या वस्तू एकाच पुरवणीत घालाव्या लागतात?"

"तसा काही नियम नाही. एकेक वस्तूची वेगळी केली तरी चालते, पण त्यात उगीच..." वकीलबाई बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं.

औषधवाले म्हणाले, "गुरुवारी सकाळी मला सवड असते."

म्हणून कलम नववे. वर उल्लेख न आलेल्या वस्तू, म्हणजे छत्री, कपाट, भिंतीवरील घड्याळ, कुकर, इस्त्री, दोन चादरी आणि सर्व भांडी, प्रत्येक भांडे स्वतंत्र धरून, यांची व्यवस्था पुरवण्यांद्वारे करण्यात येईल. एका पुरवणीत एकच वस्तू घेण्यात येईल. पहिली पुरवणी पुढच्या गुरुवारी, सकाळी साडेदहा वाजता, याच खोलीत. विषय, छत्री.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, वाचले, वाचू दिले आणि मला मान्य आहे.

(सही)
मृत्युपत्र करणारी

वरील बाईंनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सही करत आहोत. या मृत्युपत्रान्वये आम्हांला काहीही मिळत नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

साक्षीदार पहिले: औषधविक्रेते, तळमजला (सही)

साक्षीदार दुसरे: निवृत्त नकाशाकार (सही)

ठिकाण: चौथा मजला, जिन्यालगतची खोली
दिनांक: नऊ, गुरुवार. वेळ, बाराला पाच मिनिटे कमी